निरोपाची गाडी

लांब गाडी एकदा तरी चालवायला मिळावी, ही त्याची फार दिवसांची हौस होती. ती पुरी व्हायला नेमका हाच दिवस सापडला.

भाड्याच्या गाड्यांच्या त्या कंपनीत तो वर्षानुवर्षं साध्या गाड्या चालवत होता. विमानतळावरून साहेब आणायचे, आजारी माणसांना दवाखान्यात न्यायचं, असली कामं. पांढरी लांब लिमोझिन मात्र एकाच जुन्या ड्रायव्हरच्या ताब्यात असायची. आत समोरासमोर मऊ बाकं, छताला निळे दिवे आणि वर उघडणारी काच. पूर्वी ती महिना महिना झाकून ठेवलेली असे. आता शाळा संपायच्या दिवसांत तिला उसंत नव्हती.

त्याच्या वेळी शाळा संपली म्हणजे एकमेकांच्या सदऱ्यांवर शाईनं सह्या करायच्या, मैदानात एकदा पोटभर बोंबलून घ्यायचं आणि घरी जायचं. आता मुलांच्या निरोपाची पार्टी हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायची. दारात लाल गालिचा, मुलींना पायघोळ गाऊन, मुलांना सूट, केस वेगळे, नखं वेगळी, फोटोग्राफर वेगळा. दरवर्षी मागच्या वर्षीपेक्षा काहीतरी जास्तीचं निघायचं, आणि मागच्या वर्षीचं जे असेल ते यंदा सक्तीचं होऊन बसायचं.

यंदा त्याच्याच घरात ती पार्टी होती. लेकीची शाळा संपली होती. लहानपणी ती गुबगुबीत होती म्हणून घरात तिला ठमी म्हणत. आता ती बापाच्या खांद्याला लागली तरी ठमीच. बाहेर कुणाला ते कळू नये म्हणून ती जिवापाड जपायची.

"एका संध्याकाळसाठी एवढं?" बायकोनं विचारलं होतं. ती बेकरीच्या काउंटरवर उभी असायची. दिवसभर उभं राहण्याची किंमत तिला ठाऊक होती.

"शाळा एकदाच संपते," तो म्हणाला होता आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर जाऊ लागला होता. कुणीतरी एकदाच घातलेला निळा गाऊन मिळाला. बायकोनं तो कमरेत आवळून दिला. ठमी आरशासमोर उभी राहिली तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघून हसली.

"मी सोडतो तुला," तो म्हणाला. "एखादी चांगली गाडी मागून घेतो मालकाकडून."

"नको बाबा. आम्ही सगळे मैत्रिणीच्या घरून एकत्र जाणार आहोत."

"मग तिच्या घरापर्यंत?"

"बसनं जाईन मी." ठमी गाऊनची पट्टी नीट करत राहिली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

तो समजायचं ते समजला. पार्टीच्या दिवसासाठी काढलेली रजा त्यानं रद्द केली. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा काम बरं. कंपनीत पोचला तर जुन्या ड्रायव्हरची कंबर धरलेली. मालकानं लांब गाडीची किल्ली याच्या हातात ठेवली.

"टोपी घाल," मालक म्हणाला. "मुलं म्हणतील तसं वाग. तक्रार नको मला. सीझन आहे."

पत्ता एका बंगल्याचा होता. फाटक उघडं, पायऱ्यांवर आईबापांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन. मधोमध नटलेली मुलं उभी होती. बंगल्यातली मुलगी सोनेरी गाऊनमध्ये. तिच्याशेजारी पांढऱ्या कोटातला एक उंच, रुंद खांद्यांचा मुलगा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत होते, कारण शाळेच्या फुटबॉल संघाचा तो कॅप्टन होता. एक चष्मेवाला, बापाचा टाय लावल्यासारखा अवघडलेला. आणि या तिघांच्या मागून, गाऊन दोन्ही हातांनी उचलून धरत पायऱ्या उतरत आलेली ठमी.

तिनं त्याला पाहिलं. पायरीवर तिचा पाय क्षणभर अडखळला. मग तिनं मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं केस सारखे करतेय. पण बापाला कळलं. नको, असं ती म्हणत होती.

त्यानं टोपी पुढं ओढली, मागचं दार उघडलं आणि तो अदबीनं वाकला. "या, मॅडम."

ती त्याच्या हाताखालून आत शिरली. तिच्या केसांना बायकोच्या तेलाचा वास येत होता.

गाडी निघाली. ड्रायव्हर आणि मागची मंडळी यांच्यामधली काच खाली केलेली होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. आरशात त्याला ठमी समोर दिसत होती, बाकाच्या अगदी कडेला बसलेली.

"तुझे आईबाबा का नाही आले गं फोटोला?" बंगल्यातल्या मुलीनं विचारलं.

"आईला काम होतं. आणि बाबा..." आरशात दोघांची नजर भेटली आणि लगेच तुटली. "बाबा सारखे फिरतीवर असतात."

खोटं तर काही बोलली नाही, असं म्हणत त्यानं स्वतःची समजूत घातली. ओठांवर हसूही आणून पाहिलं. ते टिकलं नाही.

शहराबाहेरच्या रुंद रस्त्याला लागल्यावर मागून एक काळी लांब गाडी आली. तिच्यात शाळेतल्याच दुसऱ्या तुकडीची मुलं होती. काचा खाली करून त्यांनी आरडाओरडा केला, जिभा काढून दाखवल्या आणि ती गाडी सुळकन पुढं गेली.

"ओ ड्रायव्हर, गाठा त्यांना!" कॅप्टन ओरडला.

"या रस्त्याला वेगाची मर्यादा आहे, सर. वेळेत पोचू आपण."

"वेळेत नाही पोचायचं. त्यांच्या आधी पोचायचंय! लाल गालिच्यावर पहिली गाडी आपली पाहिजे."

"जाऊ दे ना," चष्मेवाला म्हणाला. "काका बरोबर सांगतायत."

कॅप्टननं सरळ कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आधी आपलं गाऱ्हाणं घातलं, मग फोन काचेपाशी धरला. मालकाचा आवाज गाडीभर घुमला. "काय चाललंय? मुलांचा दिवस आहे, त्यांना खूश ठेवायचं, एवढं कळत नाही? परत फोन यायला नको मला."

"हो साहेब," तो म्हणाला. आपल्याच लेकीसमोर आपल्याला असा ओरडा खावा लागला, हे त्याच्या मनाला फार लागलं. तरीही त्यानं वेग वाढवला नाही. गाडी तशीच शिस्तीत चालू राहिली.

"काय आजोबा," कॅप्टन म्हणाला, "आयुष्यभर बैलगाडी हाकलीत काय? चुचकारा तरी जरा. हर्र, हर्र!"

बंगल्यातली मुलगी खिदळली. चष्मेवालाही नाइलाजानं हसला. आणि आरशात त्यानं पाहिलं, ठमी हसत होती. तोंडावर हात घेऊन, मान खाली घालून, पण हसत होती.

कॅप्टनचं बोलणं तो पचवून गेला असता. असली पोरं त्यानं शेकड्यानं वाहिली होती. लेकीचं हसू मात्र छातीत सुरीसारखं घुसलं. डोक्यात काहीतरी सणकलं आणि त्याचा पाय खाली गेला.

मोठं इंजिन गुरगुरलं. मुलं बाकावर मागं फेकली गेली आणि एकच जल्लोष झाला. "अरे वा, आजोबा!" काळी गाडी समोर दिसू लागली. मोठी दिसू लागली. त्याला कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला पुढं कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

"छत उघडा!"

एरवी चालत्या गाडीत त्यानं ते बटण कधी दाबलं नसतं. आता दाबलं. वारा फडफडत आत शिरला. कॅप्टन बाकावर चढून उभा राहिला, त्याच्याशेजारी बंगल्यातली मुलगी.

"तू पण ये! भित्री कुठली!" वरून तिनं हात खाली घातला आणि ठमीला वर ओढलं.

आरशातला ठमीचा चेहरा नाहीसा झाला. आता तिथं फक्त निळं कापड होतं, वाऱ्यानं थरथरणारं.

ते बघून तो भानावर आला. आणि त्याच क्षणी, उताराच्या टोकाला, त्याला रेल्वेखालचा जुना बोगदा दिसला. ट्रक आत अडकू नयेत म्हणून बोगद्याच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा होता. गाडी त्याखालून आरामात जायची. पण बाकावर चढून छताबाहेर उभं राहिलेलं माणूस?

ब्रेक कचकन दाबावा तर तिघंही छताच्या कडेवर आपटतील, कदाचित बाहेर फेकली जातील. न दाबावा तर दांडा. त्यानं पाय उचलला, ब्रेकवर हळूहळू भार दिला आणि ओरडला, "खाली बसा! खाली बसा सगळे!"

वरती गाणं चाललं होतं. वाऱ्यात त्याचा आवाज पोचत नव्हता. त्यानं हॉर्न दाबून धरला. वरच्यांना तो जल्लोषाचाच भाग वाटला, त्यांनी आणखी जोरात आरोळ्या ठोकल्या. चष्मेवाल्याला कळलं, त्यानं एकाचे पाय ओढायला सुरुवात केली, तर वरून लाथ बसली. दांडा धावत जवळ येत होता.

"ठमे!" तो घसा फाडून ओरडला. "ठमे, खाली! खाली बस, ठमे!"

गर्दीत, गोंगाटात माणसाला आपलं घरचं नाव बरोबर ऐकू येतं. ठमीनं ते ऐकलं. कशासाठी, काय, हे बघायला ती थांबली नाही. ती धपकन खाली बसली आणि बसता बसता तिनं मैत्रिणीला कमरेला मिठी घालून आपल्यावर ओढून घेतलं. कॅप्टनही त्या ओढाताणीत गुडघ्यात वाकला. पण त्याचा एक हात वरच राहिला होता, फोन धरलेला.

टणकन आवाज झाला. मग किंकाळी. मग बोगद्याचा अंधार.

बोगद्यापलीकडं त्यानं गाडी कडेला थांबवली आणि तो वळला. मागं कॅप्टन मनगट पोटाशी धरून वाकला होता. पांढरा कोट लाल होत चालला होता.

"बाबा," ठमी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा आला. "बाबा, दवाखान्यात चला. लवकर."

चष्मेवाल्यानं टाय सोडून कॅप्टनच्या मनगटाला गुंडाळला. बंगल्यातली मुलगी एकदा ठमीकडे, एकदा ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत राहिली.

दवाखान्याच्या तातडीच्या विभागात बाकांवर खोकणारी, कण्हणारी माणसं बसली होती. सोनेरी आणि निळा गाऊन घालून दोन मुली आत शिरल्या तेव्हा सगळे वळून बघू लागले. कॅप्टनला आत नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, तळव्याला टाके घालावे लागणार होते. "डोकं असतं तर आमचं कामच नव्हतं," नर्स म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

मालक आधी आला. त्यानं ड्रायव्हरला कोपऱ्यात घेतलं. "नीट ऐक. छताचं बटण मागंही आहे. मुलांनी उघडलं, तुला कळलंच नाही, असं म्हणायचं. वेग बेताचा होता. बाकी तोंड उघडू नकोस. मुलाचा बाप वकील आहे."

"पण साहेब..."

"पोटापाण्याचा विचार कर."

त्यानं केला. बायकोच्या सुजलेल्या पायांचा केला, ठमीच्या पुढच्या शिक्षणाचा केला. खोटं तयार होतं, नुसतं तोंडानं म्हणायचं होतं. तेवढ्यात दारातून कॅप्टनचे वडील आले. पडद्याआड जाऊन आले आणि सरळ मुलांसमोर उभे राहिले. आवाज मुद्दाम खाली ठेवलेला, त्यामुळं जास्तच भीती वाटत होती.

"कोण सांगणार मला काय झालं?"

बंगल्यातल्या मुलीनं डोळे पुसले. "ड्रायव्हरमुळं झालं, अंकल. एकदम पळवायलाच लागले. आम्ही तर घाबरलो होतो."

चष्मेवाला बुटांकडे बघत होता.

"तुझं काय म्हणणं?" वकिलांनी ड्रायव्हरकडे वळून विचारलं. "छत कुणी उघडलं?"

मालक त्याच्या अगदी जवळ उभा होता. त्याचा श्वास मानेवर लागत होता. "छत..." त्यानं सुरुवात केली.

"त्यांनीच उघडलं," ठमी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती. गाऊनची पट्टी तुटून लोंबत होती, खांद्यावर ओरखडा होता.

"पुढचं बटण दाबून उघडलं, मी पाहिलंय. आणि गाडीही त्यांनी पळवली. आम्ही सांगितलं म्हणून. आम्ही आधी त्यांची टिंगल केली, मग त्यांच्या मालकाला फोन करून त्यांना ओरडा खायला लावला. त्यानंतरही ते नाही म्हणत होते. मग आम्ही आणखी हसलो." तिनं बापाकडे पाहिलं. "मी पण हसले. ते माझे बाबा आहेत."

बाकावरचा एक म्हातारा खोकायचा थांबला.

"ठमे, बस खाली," बाप हळूच म्हणाला. मग वकिलांपुढं आला. "ती सांगतेय ते खरं आहे, साहेब. पण मुलांनी काही म्हटलं तरी गाडी माझ्या हातात होती. पाय माझा होता. तुमच्या मुलाला लागलं ते माझ्यामुळं."

वकील एक पाऊल पुढं आले. ते हात उचलतात की काय असं वाटलं. तेवढ्यात पडद्यामागून कॅप्टनचा आवाज आला, औषधानं जड झालेला. "पप्पा, फोन मी केला होता. खाली बसा म्हणून त्यांनी हॉर्न दाबून धरला होता." थोडं थांबून तो पुढं म्हणाला, "मला वाटलं गंमत आहे."

"उद्या बघू," एवढं बोलून वकील आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय पाहिलं कोण जाणे. पोलिसांत तक्रार झाली नाही, पण दवाखान्याचा खर्च कंपनीनं भरावा असं पत्र मात्र मालकाला आलं. ते पुढचं. त्या संध्याकाळी मालकानं फक्त हात पुढं केला.

"किल्ली."

त्यानं दिली. टोपीही दिली. मालक टोपीकडे क्षणभर बघत राहिला आणि ती काखेत मारून निघून गेला.

दवाखान्याबाहेर अजून उजेड होता. भिंतीपाशी बापलेक उभी राहिली. शेजारून रुग्णवाहिका आत शिरली, दिवा फिरत होता पण आवाज बंद होता.

"खांदा दाखवलास का?"

"खरचटलंय नुसतं." ठमीनं हात झटकला. मग तिनं विचारलंच. "बाबा, तुम्ही कधीच एवढी पळवत नाही. तो ओरडला तरी तुम्ही ऐकलं नव्हतं. मग एकदम का?"

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. मालकाची भीती, काळी गाडी. "राग आला," तो म्हणाला.

"माझा?"

"हो."

"मला वाटलं होतं तुम्ही टोपीत ओळखू येणार नाही," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे मलाच ओळखू येणार नाही तुम्ही. असं वाटावं म्हणून मी हसले. माझं मलाच कळत नाहीये मी काय बोलतेय."

"कळलं मला."

"नाही कळलं."

"बरं, नाही कळलं. घरी सांग सावकाश." त्यानं तिची तुटलेली पट्टी हातात घेतली आणि खिशातली सेफ्टी पिन काढून लावून दिली. पिन वाकडी बसली.

चष्मेवाला बाहेर आला. त्याच्या हातात फोन होता. हॉलमध्ये सगळे विचारतायत, म्हणाला, जायचं का? टॅक्सी बोलावतो. बंगल्यातली मुलगी मागं उभी होती, नाक लाल झालेलं. मग एकदम ती ठमीच्या बापाकडे बघून म्हणाली, "सॉरी काका," आणि लगेच दुसरीकडे बघू लागली.

ठमीनं बापाकडे पाहिलं. तिला जायचं होतं. एवढं सगळं होऊनही तिला जायचं होतं, हे त्याला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. आणि आपल्याला जावंसं वाटतं याची तिला लाजही वाटत होती.

"जा," तो म्हणाला.

"पण तुमची नोकरी..."

"ती तू इथं उभी राहून परत यायची नाही. जा. फक्त पट्टा लाव टॅक्सीत. आणि पुढं बस."

टॅक्सी गेल्यावर तो बसनं घरी गेला. बायको नुकतीच कामावरून आली होती, पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती. त्याला दारात पाहिलं आणि तिनं पाय बाहेर काढले.

"अहो, काय झालं? ठमी कुठंय?"

"पार्टीत आहे. बरी आहे."

"मग तुम्ही असे का दिसताय?"

तो जमिनीवरच बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बंगल्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. आपला पाय खाली गेला तिथं तो थांबला, आणि मग तेही सांगितलं. बायको ऐकत राहिली. बोगद्याशी आल्यावर तिनं तोंडावर पदर दाबला.

"तिला सांगितलंत, राग आला होता म्हणून?"

"सांगितलं."

"आणि ती?"

"तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं. मलाही."

बायको उठली, पाय पुसले आणि चपला शोधू लागली.

"कुठं निघालीस?"

"हॉलवर. ती टॅक्सीबिक्सीनं नको यायला आता." एक चप्पल सापडेना म्हणून तिनं दुसरा जोड काढला. "तुम्हीही चला. वाटेत खायला काहीतरी घेऊ, तिनं सकाळपासून पोटात काही घातलेलं नाही."